उजेडाचा उंट

जळगाव, २ ऑगस्ट १९६७

तीर्थरूप गुरुजी,

कुसुमलताचा इथूनच, देवपूरकडे तोंड करून नमस्कार.

ओळखलंत का? सातवीत खिडकीजवळ बसणारी, कापडवाल्या ज्ञानचंदजींची मुलगी. कविता पाठ झाली नसली की आपणहून फळा पुसायला उठणारी! लग्न होऊन जळगावला आले त्याला आठ वर्षं झाली. तुमचा पत्ता वडिलांकडून मागवला.

मला टीबी झाला आहे. कागद लांब धरूनच वाचा. मी पाकीट उन्हात ठेवून मगच पेटीत टाकायला देते. रोज कंपाउंडर सुई टोचून जातो. माडीवरच्या खोलीत मी एकटी. ताट, तांब्या, चादर, सगळं वेगळं. या खोलीतून जे बाहेर जातं ते उकळतात, नाहीतर उन्हात टाकतात. कोणी वाईट वागत नाही हो. सासूजी उंबऱ्यावर ताट ठेवतात आणि माझं जेवण होईस्तोवर जिन्यात बसून गल्लीच्या बातम्या सांगतात. हे दुकानातून आले की दाराशी उभे राहतात, "बरं आहे?" विचारतात आणि मी "बरं आहे" म्हटलं की पुढे काय बोलावं ते न सुचून टोपी सारखी करतात.

दुखणं वेगळंच आहे. मंजू, माझी मुलगी, चार वर्षांची. तिला समोर मोठ्या दिरांकडे, दलिचंदजींच्या घरी ठेवली आहे. मध्ये फक्त गल्ली. ती त्यांच्या गॅलरीत खेळते. आधी मला खिडकीत पाहिलं की रडायची, मग नुसता हात हलवायची. आता मी दिसले की आत जाते. काल तिनं जेठाणीजींना, म्हणजे माझ्या मोठ्या जावेला, "माँ" म्हणून हाक मारली. जेठाणीजींचा काय दोष? त्यांनीच तिला जेवू घालायचं, न्हाऊ घालायचं. पण मी बरी होऊन जिना उतरेन तेव्हा ती मला ओळखेल का, गुरुजी? मोठ्यानं हाक मारायचीही मला मनाई आहे, छातीवर ताण येतो म्हणून.

मला गृहपाठ द्या. हातांना काहीतरी द्या.

तुमची,
कुसुम


देवपूर, धुळे, ५ ऑगस्ट १९६७

चि. सौ. कुसुम,

आधी तुझ्या पत्राला आशीर्वाद, मग तुला.

लांब धरून वाचा म्हणतेस? माझा चष्मा शेजारच्या जीवरामनं कुठंतरी ठेवला आहे, म्हणून लांब धरलं तेवढंच. नाहीतर उशाशी घेऊन वाचलं असतं.

मीही कोंडलेलाच आहे, पोरी. आषाढात पांझरेच्या फरशी पुलावर शेवाळावरून पाय सरकला आणि मांडीचं हाड मोडलं. कमरेपासून टाचेपर्यंत प्लास्टर. आमची ही, यशोदाबाई, जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा नोकरीला भिलाईला. हा जीवराम दोन्ही वेळा डबा आणतो आणि न चुकता विचारतो, "काय आबा, आज कुठवर फिरून आले?" त्याला मारायला काठी उचलावी, तर काठी कोपऱ्यात आणि मी खाटेवर!

आणि अशात तू गृहपाठ मागतेस! अगं, निवृत्त झाल्यापासून कोणी माझ्याकडे गृहपाठ मागितला नव्हता. मी आढ्याकडे पाहून मोठ्यानं हसलो. जीवराम डबा तसाच ठेवून पळत आत आला, आबांना काय झालं म्हणून.

मी मूळचा असोद्याचा. लहानपणी केळीच्या बागेत राखणीला वडील मला बरोबर न्यायचे. दिवसभर एक शब्द न बोलणारा माणूस. पण खोपीत कंदील लागला की ते दोन्ही हात जुळवायचे, बोटं वाकवायचे आणि कुडाच्या भिंतीवर उंट उभा राहायचा. तो उंट मात्र बोलायचा! वडिलांच्याच आवाजात, पण इतकं गोड की मी दिवसभर त्या आवाजाची वाट पाहायचो. बाहेर केळीची पानं फडफडत असायची. मला वाटतं, कविता मला त्या खोपीतच चावली. पुढे शाळेत ज्या शिकवल्या त्या सगळ्या त्या उंटाच्याच.

तर गृहपाठ असा. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घे. कात्रीनं उंट काप, पोकळ नको, भरीव. खिडकीत पांढरं धोतर ताण, मागे दिवा ठेव. अंधार पडला की मंजूला समोरून उंट दिसेल. बरोबर हे म्हणायचं:

उंट निघाला बाजाराला,
मान वाकडी, ढांगा लांब;
घरात शिरता अडली मान,
मंजू म्हणते, "थांब रे थांब!"

लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच!

तुझा,
तोताराम गुरुजी


जळगाव, ११ ऑगस्ट १९६७

ती. गुरुजी,

नमस्कार राहू द्या, आधी ऐका!

उंट कापला. धोतर ताणलं. दिवा लावला, आणि तेवढ्यात जिन्यातून सासूजींचा आवाज, "चौमासो है, बींदणी!" चौमासा आहे, सूनबाई! तुमच्या नि माझ्या, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आम्हा जैनांकडे चौमाशाच्या या चार महिन्यांत दिवस असतानाच जेवण उरकायचं, आणि अंधार पडल्यावर खिडकीत दिवा ठेवायचा नाही. पावसाळ्याचे किडे झेप घेतात आणि जळून मरतात. मी दिवा विझवला. खरं सांगते, मला रडू आलं. एवढासा पुठ्ठ्याचा उंट, तोही माझ्याच घरात अडला.

सासूजींनी ते जिन्यातून पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं धुतलेलं ताट उन्हात ठेवायला खिडकीच्या फळीवर कलतं केलं. आमची खिडकी पूर्वेची. सूर्य समोरच्या घरावरून थेट खोलीत येतो आणि समोरची चुन्याची भिंत तेव्हा सावलीत असते. ताटाचा उजेड उडाला तो थेट त्या भिंतीवर! परातीएवढा पांढरा गोळा. मंजू गॅलरीत होती. तिनं तो पाहिला आणि दोन्ही हातांनी धरायला धावली!

सासूजी दारातून म्हणाल्या, "सूरज काही आपण पेटवला नाही ना? मग कर की तुझा खेळ."

मग मी काय केलं माहीत आहे? यांनी दुकानातला आरसा आणून दिला, गिऱ्हाईक अंगावर साडी लावून बघतं तो. पुठ्ठ्यात उंटाच्या आकाराचं भोक पाडलं आणि तो पुठ्ठा आरशावर चिकटवला. आरसा खिडकीत कलता धरला. आणि समोर, गुरुजी, भिंतीवर उजेडाचा उंट!

डॉक्टरांना विचारलं, हे चालेल ना. ते हसले. म्हणाले, उजेड उकळायची गरज नाही.

कुसुम


देवपूर, १४ ऑगस्ट १९६७

चि. कुसुम,

शाबास! शाबास! तिसऱ्यांदा लिहितो, शाबास! सासूबाईंना माझा दंडवत सांग. मी आयुष्यभर मुलांना "सूर्य उगवला" शिकवलं, त्याचा असा उपयोग त्या माउलीला सुचला.

आता छोटं काम नको. सोबत नकाशा काढून पाठवतो आहे. पूर्ण वरात! पुढे वाजंत्री, मग घोडा, घोड्यावर नवरदेव, छत्री धरणारा, मागे बैलगाड्या आणि गाडीत करवल्या. एका पुठ्ठ्यात सगळं कापायचं. करवल्यांच्या नथीही दिसल्या पाहिजेत. माझ्या लग्नाची वरात असोद्याहून फैजपूरला गेली होती तेव्हा बैल बुजले आणि नवरदेवासकट गाडी केळीत शिरली. ती गंमतही घाल. कवितेची अकरा कडवी जोडली आहेत.

तुला मोठ्यानं बोलायची मनाई, मग कविता म्हणणार कोण? तुझ्या यजमानांना, इंदरचंदजींना सांग. त्यांना टोपी सारखी करण्यापेक्षा बरं काम मिळेल.

गुरुजी


जळगाव, २१ ऑगस्ट १९६७

ती. गुरुजी,

तुमची सगळी वरात पुऱ्या होऊन गेली!

दोन दिवस खपून कापली. बारीक कात्रीनं नथीसुद्धा पाडल्या. आरसा धरला आणि समोर भिंतीवर नुसते गोल गोल ठिपके. घोडा गोल, नवरदेव गोल, बैलही गोल. मंजू टाळ्या वाजवत ओरडली, "पुऱ्या! पुऱ्या!" आणि खाली तुमची अकरा कडवी चालूच.

हो, कविता हे म्हणतात! पहिल्या दिवशी कान लाल झाले होते. दुकान उघडायच्या आधी ओट्यावर उभं राहून, कागद छातीशी धरून, "मान वाकडी... ढांगा लांब..." ज्या आवाजात "पॉपलीन, सहा वार" सांगतात त्याच आवाजात! असोद्याहून केळी घेऊन येणारी बेबाबाई टोपली उतरवून उभी राहते. परवा यांना उशीर झाला तर वर बघून ओरडली, "आज काय शे वो शेठ? आम्ही बठ्ठा वाट देखी ऱ्हायनूत!"

वरातीचं असं का झालं ते सांगा. आणि अकरा कडवी नकोत. चारच ओळी द्या, यांचा घसा बसला.

कुसुम


देवपूर, २५ ऑगस्ट १९६७

चि. कुसुम,

शोध लागला! जीवरामकडून दाढीचा आरसा मागवला आणि खाटेवर पडल्या पडल्या प्रयोग केले. जवळच्या भिंतीवर नक्षी उमटते तशीच, पण आरसा लांब नेत गेलं की बारीक भोकं आधी गोल होतात. मोठं भोक तग धरतं. म्हणजे गल्लीपलीकडे काही न्यायचं तर ते वीतभर तरी मोठं हवं आणि साधं हवं. माझ्या कविताही तशाच असायला हव्या होत्या, हे आता कळून काय उपयोग! प्रयोगात उजेड जीवरामच्या डोळ्यांत गेला. तो म्हणाला, "आबा, पायाऐवजी हात मोडायला पाहिजे होता."

आता एका वेळी एकच प्राणी. या वेळी वाघ काप. शेपूट वर, तोंड उघडं. कविता:

वाघ निघाला शिकारीला,
लपली शेळी झाडाआड;
वाघ म्हणाला, "कुठे पळाली?"
आणि मोडली तिची हाडं!

सकाळी जाग आली की मी आधी आभाळ बघतो. ढग असले की जळगावचा वाघ आज निघणार नाही म्हणून चुकचुकतो. तिथं ऊन आहे की नाही हे इथून कसं कळणार, पण बघतो.

गुरुजी


जळगाव, १ सप्टेंबर १९६७

ती. गुरुजी,

तुमच्या वाघाला सासूजींनी जिन्यातच अडवलं. यांनी सराव म्हणून शेवटची ओळ म्हटली मात्र, त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. "हाडं? आमच्या ओट्यावर? पजूसणाच्या दिवसांत? मास्तरांना लिही, वाघालाही चौमासा आहे म्हणावं!" पजूसण म्हणजे आमचं पर्युषण, उपासांचे दिवस.

तेव्हा मीच धीर करून पुढचं बदललं. रागावू नका. सातवीत फळा पुसायचे, आता कविता पुसते आहे.

वाघ म्हणाला, "शेळीबाई,
भिऊ नका हो, या ना आत;
चौमासा मी पाळत आहे,
दिवस असता वाढा भात!"

गल्ली हसून हसून फुटली! बेबाबाईनं वाघाला केळं दाखवलं. सासूजी तोंडाला पदर लावून हसत आत गेल्या. मंजू तर दिवसभर जेठाणीजींच्या मागे, "वाघाला भात वाढ, दिवस असता वाढ!"

आणि एक सांगायचं आहे. काल वाघ भिंतीवर होता. मंजू त्याला हात लावायला आली. मी आरसा जरासा कलवला आणि तो उजेड तिच्या तळहातावर घेतला. तिनं मूठ मिटली, उघडली. मग पहिल्यांदाच उजेड कुठून येतो ते शोधत मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. आत गेली नाही. मीही पाहत राहिले. आरसा हातात आहे हेच विसरले आणि वाघ छपरावर गेला.

उद्या मोर.

कुसुम


देवपूर, ५ सप्टेंबर १९६७

चि. कुसुम,

कविता पुसलीस? मी इथं जीवरामला ती चार वेळा म्हणून दाखवली आणि चारही वेळा माझीच म्हणून सांगितली! तळहाताचा तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचतो एवढंच.

मोराची कविता सोबत. मोर झाला की हत्ती, मग हंस. मंजूला काय हवं ते विचार. फर्माईशी येऊ देत!

गुरुजी


देवपूर, १३ सप्टेंबर १९६७

चि. कुसुम,

मोर कसा झाला? धुळ्यात ऊन लख्ख आहे. पत्र आलं नाही, बहुधा पोस्टात तुंबलं असेल. हत्ती तयार आहे.

गुरुजी


जळगाव, १८ सप्टेंबर १९६७

आदरणीय मास्तरसाहेब,

इंदरचंदचा जय जिनेंद्र. आपली दोन्ही पत्रे पोहोचली. उत्तरास उशीर झाला, क्षमा असावी.

सौ.ला लिहिता येत नाही. मोराच्या दिवशी ताप चढला. खोकल्यात लाल दिसले. डॉक्टरांनी औषध बदलले असून उठून बसण्याची मनाई आहे. आरसा भिंतीला लावून ठेवला आहे.

मी स्वतः धरून पाहिला. मास्तरसाहेब, मला कापड धरता येते, ऊन धरता येत नाही. उंट सरळ बेबाबाईच्या टोपलीत गेला. मंजू काही दिवस सकाळी गॅलरीत येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "उंट मेला." आता ती येत नाही. खिडकीकडे पाहतच नाही. हे मी सौ.ला सांगितलेले नाही. तिला खाटेवरून गॅलरी दिसत नाही, तेवढेच बरे. दाराशी उभा राहून मी "मंजू रोज विचारते" असे सांगतो. आठ वर्षांत इतके बोललो नसेन.

आपण माल पाठविणे बंद करू नये. इथे मागणी आहे.

आपला,
इंदरचंद


देवपूर, २१ सप्टेंबर १९६७

इंदरचंदजी,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी माझं प्लास्टर निघालं. पाय केळीच्या वाळल्या सोपटासारखा झाला आहे, पण काल खाटेपासून दारापर्यंत गेलो. जीवरामनं गल्लीत ओरडून सांगितलं, "आबा निघाले हो फिरायला!" म्हणजे मोडलेलं सांधतं. कुसुमला हे सांगा.

उंट मेला असं पोरीच्या मनात राहू देऊ नका. चित्र नसलं तरी चालेल. रोज सकाळी ओट्यावर उभे राहा आणि गॅलरी रिकामी असली तरी मोठ्यानं म्हणा. आतल्या खोलीत आवाज जातोच:

दमला उंट नि बसला खाली,
मिटले डोळे, मिटले कान;
जागा होता सर्वांआधी
मंजूकडेच वळवील मान.

वर खाटेवर दुसरं कोणी ऐकत असेल, तिलाही ही कविता चालेल.

आपला,
तोताराम


जळगाव, १६ ऑक्टोबर १९६७

ती. गुरुजी,

मी लिहिते आहे, मी! अक्षर वाकडं आलं तर हसा खुशाल.

ताप उतरला. औषध लागू पडलं. अजून खोलीतच राहायचं आहे, पण दसऱ्यापासून बसायची परवानगी मिळाली. तुमची कविता मी रोज खाटेवरून ऐकत होते. यांचा आवाज आता पॉपलीनचा राहिला नाही हो. शेवटच्या ओळीला जरा थांबतात.

दसऱ्याच्या सकाळी उशीला टेकून आरसा धरला. उंट भिंतीवर नीट उभा केला. गॅलरी रिकामी. दुसऱ्या दिवशीही रिकामी. हे टोपी सारखी करत दाराशी आले आणि तेव्हा मला सगळं खरं सांगितलं. मी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. तुम्हाला लिहावंसंही वाटलं नाही. एका मुलीनं किती वाट बघायची? तिनं बघितली आणि सोडून दिली, असं मनाशी म्हटलं.

आता कालचं ऐका!

दुपार कलली होती. त्या वेळी माझ्या खोलीत ऊन नसतं, ते गल्ली ओलांडून समोरच्या घरावर गेलेलं असतं. मी पडून होते. एकदम आढ्यावर उजेड हलला. मग कपाटावर आला, औषधांच्या बाटल्यांवर आला, माझ्या डोळ्यांत गेला आणि परत भिंतीवर चढला. मी धडपडत खिडकीशी गेले. समोर गॅलरीत मंजू! मागे जेठाणीजी आरसा सांभाळत उभ्या, आणि आरशावर चिकटवलेला पुठ्ठा. इतके दिवस दोघी आतल्या खोलीत बसून कापत होत्या, म्हणून सकाळी गॅलरी रिकामी! जेठाणीजींनी गल्लीपलीकडून सांगितलं, "सकाळी ऊन तुझं. आमचं दुपारी येतं, हे कळायलाच आम्हाला इतके दिवस लागले!"

माझ्या भिंतीवर काहीतरी होतं. वर एक गोळा, खाली एकदम दोन पाय, आणि एक हात बाकी सगळ्याहून मोठा.

"सांग काय शे?" मंजू ओरडली. गल्लीतल्या पोरांत राहून ती आता त्यांच्यासारखीच बोलते, 'आहे'ला 'शे' आणि 'माझी'ला 'मनी'. मला ओरडायची मनाई. मी हाताची सोंड करून दाखवली. "नही!" बोटांचा पिसारा केला. "नही!" मान लांब केली. "नही, नही!" खालून बेबाबाईनं विचारलं, "भोपया शे का वं?" मंजूनं पाय आपटला, कठड्याला धरून उंच झाली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली,

"माय शे! मनी माय शे ती!"

मी वळून भिंतीवरच्या माझ्याकडे पाहायला गेले, तर माझीच सावली मध्ये आली आणि चित्र पुसलं गेलं. लगेच पलीकडून दटावणी आली, "हालू नको ना, माय! तू पडी जाशी!"

मी बाजूला भिंतीला पाठ लावून बसले आणि हलले नाही, गुरुजी. ऊन गल्लीतून जाईपर्यंत हलले नाही.

तुमची,
कुसुम